केबलचं टोपण उघडून बघणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

नाव लिहू नकोस असं तुम्ही बजावलंय, म्हणून लिहीत नाही. पण आभार मानू नकोस हे मात्र मी ऐकणार नाही.

गॅरेजमधला जुना लॅपटॉप बंद पडला तेव्हा माझे हातपायच गळाले होते. २००३ ते २००८ मधल्या डिझेल गाड्या तपासायचं सगळं सॉफ्टवेअर त्यातच होतं. नवा लॅपटॉप घेतला, तर तो विंडोज ११ चा. त्यावर जुना इन्स्टॉलर उघडेचना. स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर लावून पाहिला. तो इंजिनाचे चार कोड वाचतो, एबीएस आणि एअरबॅगपर्यंत पोचतच नाही. दोन गिऱ्हाइकांना परत पाठवावं लागलं, त्यातले एक गुरुजी; ते फार लागलं मनाला.

तुम्ही दुकान बंद करून संध्याकाळी आलात. लॅपटॉपला हात लावायच्या आधी तो गाडीला जोडायच्या केबलचं टोपण उघडलंत, भिंग धरून चिपवरचा नंबर वाचलात आणि म्हणालात, "एफटीडीआय कंपनीची आहे, काम होईल." मग मला समजेल अशा भाषेत सांगितलंत: इन्स्टॉलर १६ बिटचा, विंडोज ११ फक्त ६४ बिटची, तिथे तो कधीच चालणार नाही. म्हणून व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये, माझ्याच जुन्या सीडीवरून ३२ बिटची विंडोज एक्सपी टाकलीत. एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ लाच बंद झालेत, म्हणून तिचं इंटरनेटही तोडून ठेवलंत.

तरी गाडी बोलेना. मी कंटाळलो होतो, तुम्ही नाही. दुसऱ्या दिवशी परत आलात. केबलचा पोर्ट कॉम ७ वर गेला होता आणि सॉफ्टवेअर चारच्या पुढचा पोर्ट बघतच नव्हतं. तो २ वर आणलात. केबल माहिती पुढे द्यायला किती थांबते तो लेटन्सी टायमर १६ वरून १ मिलिसेकंदावर नेलात. मग मला शेजारी बसवून समजावलंत की के-लाइनवरची, म्हणजे गाडीच्या कंट्रोलरशी (आतल्या कॉम्प्युटरशी) बोलायच्या तारेवरची, पहिली हाक सेकंदाला पाच बिट इतक्या सावकाश जाते, एका पत्त्यालाच दोन सेकंद लागतात, त्यामुळे घाई करायची नाही. चावी फिरवली, आपण दोघं गप्प. आणि स्क्रीनवर कंट्रोलरचा पार्ट नंबर उमटला! काका, तेव्हा माझ्या घशात आवंढा आला होता.

परवा त्याच गुरुजींची गाडी आली. इंजिन सुरू करण्याआधी तापवणाऱ्या हीटरचा पिवळा दिवा लुकलुकत होता आणि गाडी ओढत नव्हती. त्यांना कुणीतरी डिझेल पंप उतरवायला सांगितलं होतं. स्कॅन केलं तर कोड ब्रेक स्विचचा! स्विच बदलला, दिवा गेला. पंपाला हातही लावावा लागला नाही. गुरुजींनी दोनदा हात हातात घेतला. त्यातला एकदाचा तुमचा.

बिलाच्या पाठीमागे तुम्ही स्केचपेनने काढून दिलेली, गाडीत केबल लावायच्या सॉकेटच्या सोळा पिनांची आकृती टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. चार-पाच अर्थिंग, सात के-लाइन, सोळा बॅटरी. पोरगा रोज वाचतो.

त्या व्हर्च्युअल मशीनची एक प्रत हार्ड डिस्कवर घेतली आहे, तुम्ही सांगितलं तशी. दुसरी तुमच्याकडे ठेवायला शनिवारी दुपारी आणतो. पैशांचं तुम्ही बोलू देत नाही, निदान काकूंना सांगून ठेवा, चहा घेऊनच जाईन.

तुमचा,
गॅरेजवाला