वजनकाट्यापलीकडचा व्यायाम

महोदय,
पन्नाशीच्या आसपासच्या स्थूल बाईने सर्किट ट्रेनिंगसारखा (एकामागून एक वेगवेगळे व्यायामप्रकार, मध्ये जेमतेम विश्रांती) जोरकस व्यायाम सुरू केला की महिन्याभरात सगळे विचारतात, ‘किती किलो कमी झालं?’ उत्तर बहुधा हिरमोड करणारे असते आणि व्यायाम तिथेच सुटतो. वास्तविक रजोनिवृत्तीच्या काळात चरबी पोटाभोवती साठू लागते, स्नायू घटतात. या व्यायामाचा खरा उपयोग तिथे आहे. काटा फारसा न हलताही कमरेचा घेर कमी होऊ शकतो, दमसास वाढतो, इन्सुलिनचे काम सुधारते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत आठवड्याला ७५ ते १५० मिनिटे जोमदार व्यायाम पुरेसा मानला आहे, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या बळासाठी.

रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे, हे आलेच. पण प्रशिक्षकांनीही विशीतल्या मुलींचा तक्ता जसाच्या तसा यांच्या हाती देऊ नये. उड्यांनी गुडघे दुखतात आणि (कोणी बोलत नाही, पण) कित्येकींना लघवीचे थेंब गळतात. मग ‘वेळ मिळत नाही’ म्हणत बाई वर्ग सोडते. उडीऐवजी पायरीवर चढ-उतार, जमिनीऐवजी भिंतीला हात टेकून जोर, एवढा बदल प्रशिक्षकांना सहज करता येईल.

– एक वाचक