वाळवंटी वनस्पतीची बातमी छापताना एवढं विचारा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वाळवंटात उगवणाऱ्या अमुक औषधी वनस्पतीने कॅन्सरच्या पेशी मारल्या, शिवाय ती बॅक्टेरियावरही चालते, अशी बातमी अधूनमधून कुठल्या ना कुठल्या पेपरात येतेच, कधी इंद्रायण असते, कधी धमासा, कधी रुई, आणि मग ती बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत नेमकी अशा घरात पोचते जिथे कुणाची तरी केमो चालू आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे, असे अर्क तपासायचं काम विद्यार्थ्यांकडून करून घ्यायचे, म्हणून या बातम्यांमध्ये काय सुटतं ते मला दिसतं आणि ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आधी एक स्पष्ट करते, हे संशोधन व्हायलाच हवं असं माझं ठाम मत आहे. वाळवंटातल्या झाडाला पाणी नाही, ऊन भाजून काढणारं, जमीन खारट, आणि आसपासच्या प्रत्येक भुकेल्या जनावराचा डोळा त्याच्याच पानांवर, पळून जायची सोय नाही, मग ते झाड स्वतःच्या बचावासाठी रसायनं बनवतं. इंद्रायणाच्या फळाचा तो जीभ बधिर करणारा कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या रसायनांचा, आणि ही रसायनं पेशींवर जोरदार काम करतात हे खरंच आहे. नव्या औषधांची गरजही खरी आहे, औषधांना न जुमानणाऱ्या बॅक्टेरियांमुळे एकट्या 2019 मध्ये जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसं थेट दगावली असा अंदाज आहे. तेव्हा शोध चालू द्या, पण शोध कुठल्या पायरीवर आहे ते वाचकाला कळू द्या.

बॅक्टेरियाची चाचणी घ्या. प्लेटमध्ये जेलीसारखं अगर असतं, त्यावर बॅक्टेरिया पसरतात, अगरमध्ये छोटा खड्डा करून त्यात अर्क घालतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याभोवती वाढ न झालेलं वर्तुळ किती मिलिमीटरचं आलं ते मोजतात. शेजारी तुलनेला अँटिबायोटिक भिनवलेली कागदाची डिस्क. मग बातमीत येतं की वनस्पतीचा अर्क अँटिबायोटिकच्या तोडीचा निघाला. आता हिशोब बघा. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या प्रमाणित डिस्कमध्ये औषध असतं 5 मायक्रोग्रॅम. समजा अर्क 1 मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम असा घट्ट बनवला आणि खड्ड्यात त्याचे 100 मायक्रोलिटर घातले तर आत गेला 5 मिलिग्रॅम, म्हणजे 5000 मायक्रोग्रॅम, हजारपट जास्त. हजारपट घालून वर्तुळ सारखं आलं तर त्याला तोडीचं म्हणत नाहीत ना. शिवाय वर्तुळ किती मोठं येतं हे ते रसायन अगरमध्ये किती पसरतं यावरही ठरतं, चांगलं रसायन नुसतं पसरलं नाही म्हणून लहान वर्तुळ देऊ शकतं आणि सुमार रसायन मोठं देऊ शकतं. म्हणून वाढ रोखायला कमीत कमी किती प्रमाण लागतं तो आकडा काढायचा असतो, त्याला एमआयसी म्हणतात. कच्च्या अर्काचा हा आकडा मिलिलिटरला 100 मायक्रोग्रॅमच्या खाली आला तर पुढे जाण्यात अर्थ आहे, 1 मिलिग्रॅमच्या वर गेला तर फारसा नाही, असं या क्षेत्रातले जाणकार बरीच वर्षं सांगताहेत. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त असतं, नुसत्या रक्तात मिलिलिटरला 1 मिलिग्रॅमचं प्रमाण गाठायचं तर 5 ग्रॅम अर्क पूर्णच्या पूर्ण रक्तात उतरून तिथेच टिकायला हवा, आणि पोटातून घेतलेली गोष्ट अशी कधीच उतरत नाही.

आणि अर्क कशात काढला हेही कुणी विचारत नाही. मेथॅनॉलमध्ये, डीएमएसओमध्ये काढलेला असेल तर ते द्रावक एकटं घातल्यावर काय होतं ते बघावंच लागतं, नाहीतर श्रेय भलत्याला जातं. हल्ली वनस्पतीच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण बनवतात आणि त्यांनी बॅक्टेरिया मेले की वनस्पतीचा गुण म्हणून सांगतात, अहो चांदी स्वतःच बॅक्टेरिया मारते, ते तर कधीपासून माहीत आहे. तिथे विना-वनस्पतीच्या चांदीशी तुलना नसेल तर त्या प्रयोगातून वनस्पतीबद्दल काहीच कळत नाही.

कॅन्सरची चाचणी तर याहून जपून वाचावी लागते. बहुतेक ठिकाणी एमटीटी नावाची चाचणी होते, पिवळा रंग घालायचा, जिवंत पेशी त्याचा जांभळा करतात, जांभळा कमी झाला म्हणजे पेशी मेल्या किंवा मंदावल्या. पण वनस्पतींच्या अर्कातले अँटिऑक्सिडंट पेशी नसतानाही तो रंग जांभळा करू शकतात, त्यामुळे आकडा चुकतो, म्हणून पेशींशिवाय नुसता अर्क घालूनही बघायचं असतं आणि दुसऱ्या एखाद्या पद्धतीने पडताळायचं असतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, निरोगी पेशींचं काय झालं? कॅन्सरच्या पेशी मारणं अवघड नाही, बाकीचं शरीर शाबूत ठेवून मारणं अवघड आहे. इंद्रायणाचंच उदाहरण, त्याचा गर इतका जहाल की तो खाल्ल्याने आतड्याला सूज येऊन रक्ताचे जुलाब झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, मग प्लेटमधल्या पेशी मेल्या याचं आश्चर्य ते काय.

नीट केलेलं कामही असतं, ते सांगायलाच हवं. ब्रिटनमधल्या अ‍ॅस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 मध्ये धमाशाच्या पाण्यात काढलेल्या अर्काचा स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात डीएनएचं नुकसान कसं होतं, पेशींची वाढ कुठे थांबते, हे तपासलं आणि सोबत निरोगी पेशीही ठेवल्या, त्यांच्यावरचा परिणाम त्या मानाने कमी दिसला. आशादायक आहे, नक्कीच. पण तोही पेशींवरचाच अभ्यास. त्यावरून कुणी धमाशाचा काढा सुरू करून हॉस्पिटलची तारीख चुकवली तर तो निर्णय त्या अभ्यासाने दिलेला नाही.

पेशींवर चाललं आणि माणसात फसलं याचा धडा वाळवंटातल्याच एका झुडपाने दिलेला आहे. अमेरिका आणि मेक्सिकोच्या वाळवंटात क्रिओसोट बुश होतं, त्याच्या पानांच्या चहाला चॅपरल म्हणतात. 1960 च्या दशकात एका वृद्ध माणसाची मेलानोमाची, म्हणजे त्वचेच्या कॅन्सरची, गाठ हा चहा घेतल्यावर लहान झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं, त्यातल्या एनडीजीए या रसायनाचा पेशींवरचा परिणामही दिसत होता, मग आणखी रुग्णांवर बघितलं तर बहुतेकांना फायदा झाला नाही. तरी चहा आणि गोळ्या विकल्या जात राहिल्या, लोकांच्या लिव्हरला इजा व्हायला लागली, 1992 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला, आणि काही जणांना तर लिव्हर बदलावं लागलं. एका माणसाची गाठ कमी झाली ही बातमी खोटी नव्हती, ती अर्धी होती.

दुसरं उदाहरण गुग्गुळाचं. कच्छ आणि राजस्थानच्या रखरखीत भागातलं हे झाड, शतकानुशतकं वापरातलं, कोलेस्टेरॉलवर चालतं असे आपल्याकडचे अभ्यासही होते. 2003 मध्ये अमेरिकेत माणसांवर नीट तुलना करून चाचणी झाली तेव्हा वाईट कोलेस्टेरॉल कमी व्हायच्या ऐवजी थोडं वाढलेलं निघालं, काहींच्या अंगावर पुरळ आलं. माझ्या दृष्टीने यात गुग्गुळाची बदनामी नाही, माणसांवरची चाचणी का टाळता येत नाही एवढंच यातून दिसतं. आणि डिंकासाठी खाचा मारमारून हे झाड इतकं संपवलंय की आज ते अतिसंकटग्रस्त यादीत आहे. वाळवंटातली झाडं फार सावकाश वाढतात, एका उतावळ्या बातमीने लोक ती मुळासकट उपटून आणायला लागले तर पुढच्या संशोधकाला तपासायला झाडच उरणार नाही, हेही तुमच्या बातमीदारांनी मनात धरावं.

मग वनस्पतीतून औषध निघतच नाही का? निघतं, आणि त्यात आपल्या मातीतल्या माणसाचं नाव फार मोठं आहे. नंदुरबारचे रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी. त्यांनी आणि त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांनी कॅम्प्टोथेसिन हे कॅन्सरविरोधी रसायन शोधलं, 1966 मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल हे कॅन्सरवरचं औषध काढलं. ती साल गोळा केली होती 1962 मध्ये, टॅक्सॉलची रचना जाहीर झाली 1971 मध्ये, ते पेशीत नेमकं काय करतं हे सुसान हॉर्विट्झ यांनी दाखवलं 1979 मध्ये आणि औषध म्हणून मान्यता मिळाली 1992 मध्ये. तीस वर्षं! 1960 ते 1982 या काळात अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने हजारो वनस्पतींचे 1 लाखाहून जास्त अर्क तपासले, त्यातून औषधापर्यंत पोचलेली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ज्यांना मान्यता मिळाली त्यांच्यात कुणीही झाडाचा काढा देत नाही, एकेक रसायन वेगळं करून, डोस ठरवून, रुग्णांवर तपासून देतात.

केमो चालू असताना सोबत काहीतरी वनस्पतीचं घ्यायला काय हरकत, असं मला लोक विचारतात. हरकत आहे. सेंट जॉन्स वर्ट या युरोपातल्या वनस्पतीच्या गोळ्या इरिनोटेकान या केमोच्या औषधासोबत घेतल्या तर त्या औषधाच्या कामाच्या घटकाचं रक्तातलं प्रमाण 40 टक्क्यांहून जास्त घटतं असं 2002 मध्ये छापून आलंय. गंमत नाही ही, इरिनोटेकान वाणींच्याच कॅम्प्टोथेसिनपासून बनलेलं आहे. म्हणून जे काही घेताय ते तुमच्या डॉक्टरला सांगा, लपवू नका, आणि घरच्यांनीही रुग्णावर प्रेमापोटी काढ्याची जबरदस्ती करू नये.

तर माझी तुम्हाला मनापासून विनंती आहे. अशी बातमी आली की पहिल्याच वाक्यात लिहा की चाचणी पेशींवर झाली, उंदरांवर झाली की माणसांवर. किती प्रमाणात चाललं ते आकड्यात द्या. निरोगी पेशींवर काय झालं ते संशोधकांना विचारा, त्यांनी बघितलंच नसेल तर तसं छापा. झाडाचा नमुना ओळख पटवून हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, जमा केलाय का तेही विचारा, कारण एकाच नावाने बाजारात दोन वेगळी झाडं विकली जातात आणि एकाच झाडातली रसायनं ऋतूप्रमाणे, जमिनीप्रमाणे बदलतात. कॅन्सर बरा होतो अशी जाहिरात करायला तर 1954 च्या कायद्याने बंदी आहे, मग बातमीच्या रूपात तेच वाक्य छापून येऊ नये. बातमीदाराला शंका आली तर जवळच्या कुठल्याही कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी विभागात एक फोन करावा, तिथलं कुणीही दहा मिनिटांत हे सगळं समजावून सांगेल.

आपली नम्र,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका