टेकडीवरचे घर

लातूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तू आग्रहाने सुचवलेला जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांचा १९६३ सालचा ‘हाय अँड लो’ हा चित्रपट काल रात्री पाहिला आणि तुला लिहिल्यावाचून राहवेना. मूळ जपानी नावाचा अर्थ ‘स्वर्ग आणि नरक’ असा आहे. तेच नाव मला अधिक नेमके वाटते.

बूट कंपनीतला बडा अधिकारी गोंडो याच्या मुलाऐवजी चुकून त्याच्या ड्रायव्हरचा मुलगा पळवला जातो, तरीही तीन कोटी येनांची खंडणी त्याच्याकडेच मागितली जाते आणि ती दिली तर त्याचे सर्वस्व बुडणार असते. बराच वेळ चित्रपट एका दिवाणखान्यातून हलत नाही. त्या रुंद पडद्यावर सगळी माणसे एकाच वेळी दिसतात आणि ड्रायव्हर मात्र कडेला, मान खाली घालून उभा असतो. आपल्याकडचा सालगडी मालकाच्या बैठकीत असाच भिंतीला धरून उभा राहतो ना! पुढे बॅग जाळली तर धुरावरून कळावे म्हणून पैशांच्या बॅगेत खुणेच्या पुड्या लपवायच्या ठरतात, तेव्हा गोंडो आपली जुनी हत्यारांची पेटी काढतो आणि खाली बसून स्वतःच्या हाताने चामडे शिवू लागतो. एकही भाषण न देता तो कुठून वर आला, हे त्या हातांवरून समजते. त्यातलीच पुडी पुढे जळते आणि अख्ख्या कृष्णधवल चित्रपटात तेवढाच गुलाबी धूर रंगीत दिसतो.

गुन्हेगार हा शिकाऊ डॉक्टर आहे. योकोहामाच्या सखल वस्तीतल्या त्याच्या खोलीत उन्हाळ्यात उकाड्याने आणि हिवाळ्यात गारठ्याने झोप लागत नाही आणि तिथून गोंडोचे टेकडीवरचे घर रोज दिसते. मला आपली शिकवणीच्या दिवसांतली पत्र्याची खोली आठवली. मे महिन्यात मध्यरात्रीपर्यंत पत्रा तापलेला असे, आपण ओली चादर अंगावर घेऊन पडत असू आणि समोरच्या माडीवर रात्रभर कूलर घरघरत असे. त्या माडीचा मला खरोखर राग येई. म्हणूनच गरिबीची ही धग पुरती दाखवूनही चित्रपट तिला गुन्ह्याची सबब होऊ देत नाही, याचे मोल मला फार वाटते.

एक गोष्ट मात्र बोचली. आरोपीला फाशीच व्हावी म्हणून पोलीस त्याला मोकळा फिरू देतात आणि त्यात एका व्यसनी स्त्रीचा जीव जातो. तिच्यासाठी कोणी हळहळतही नाही. दिग्दर्शकाने हे मुद्दाम केले असावे, असे मला वाटते. तुझे मत कळव.

तुरुंगातल्या भेटीत काचेच्या अलीकडे गोंडो, पलीकडे तो गुन्हेगार, आणि काचेवर एकाचे प्रतिबिंब दुसऱ्याच्या चेहऱ्यावर पडलेले. मग धाडकन काचेपुढचा पत्र्याचा पडदा खाली येतो. त्यानंतर बराच वेळ मी दिवा लावला नाही.

तुझाच,
जुना खोलीमित्र