भंगारात चाललेले जुने कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोरांना द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी सिडकोत राहतो, अंबड एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, आणि गेली अडीच वर्षं रात्री जेवणं आटोपली की स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत बसतो. म्हणजे विंडोजवर चालणारा एखादा प्रोग्राम नाही, विंडोजच्या जागी जे चालतं तेच, पहिल्या बाइटपासून. पण पत्र त्यासाठी नाही, एका भंगाराच्या टेम्पोसाठी लिहितोय.

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका शिक्षणसंस्थेने लॅब बदलली. मी ड्युटीवरून येत होतो, गेटपाशी टेम्पो उभा आणि दोघंजण जुने सीपीयू एकावर एक टाकत होते. मागच्या बाजूला ते जांभळे-हिरवे गोल पोर्ट दिसले, कीबोर्ड-माऊसचे पीएस/२, शेजारी नऊ पिनांचा सीरियल पोर्ट, मी गाडी तिथेच लावली. म्हटलं पैसे घ्या पण एक-दोन द्या, तर म्हणाले वजनावर हिशोब झालाय, आणि तुम्हाला कशाला पाहिजे, यावर आता काही चालत नाही.

माझं तर यावरच चालतं हो! जुनं मशीन चालू केलं की बायोस, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमधला सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम, डिस्कवरचे पहिले ५१२ बाइट उचलतो, त्यातले शेवटचे दोन ५५ आणि एए (हे आणि पुढचे पत्ते सोळाच्या पायातल्या आकड्यांत) असले की ते मेमरीत ७सी०० या पत्त्यावर ठेवतो आणि सगळा कारभार तुमच्या हातात देऊन मोकळा होतो. तिथून पुढे तुमच्या मदतीला येणारं कोणी नाही. स्क्रीनवर अक्षर पाहिजे तर बी८००० पत्त्यावर दोन बाइट लिहा, एक अक्षराचा, एक रंगाचा. बटण दाबलं की त्याचा कोड ६० नंबरच्या पोर्टवर येतो, म्हणजे मागचा सॉकेट नाही, प्रोसेसर जिथून वाचतो तो आतला पत्ता. नव्या लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा जुना बायोस मोडच मिळत नाही, कीबोर्ड यूएसबीचा, म्हणजे एक अक्षर वाचायला आधी यूएसबीचा अख्खा ड्रायव्हर लिहायचा, नवशिका पोरगा तिथेच सोडून देतो. आणि सीरियल पोर्ट कशाला, तर इंटरप्टचं टेबल, म्हणजे कुठली घटना घडली की कुठला कोड चालवायचा याची यादी, चुकलं की मशीन काही न सांगता धाडकन रीसेट होतं, मग प्रत्येक पायरीला सीरियलच्या वायरवरून एकेक अक्षर बाहेर पाठवायचं आणि कुठलं अक्षर शेवटचं आलं ते बघायचं. पॅनलमध्ये टेस्ट लॅम्प घेऊन फॉल्ट शोधतो ना, अगदी तसंच.

एम्युलेटर, म्हणजे खऱ्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम, आहे की, असं सगळे म्हणतात. आहे, मी पण रोज त्यातला क्यूईएमयू वापरतो, पण तो सांभाळून घेतो. माझा बूट कोड, म्हणजे मशीन सुरू होताना पहिला चालणारा, त्यात व्यवस्थित ‘नमस्कार’ छापायचा, रोमन अक्षरांत, आणि तोच पेनड्राइव्ह चुलतभावाच्या जुन्या मशीनला लावला तर स्क्रीनभर कचरा. तीन रात्री गेल्या. शेवटी सापडलं, डीएस रजिस्टर, म्हणजे डेटा मेमरीच्या कुठल्या भागातून घ्यायचा ते सांगणारा प्रोसेसरमधला कप्पा, मी स्वतः शून्य केलाच नव्हता, क्यूईएमयूत तो आधीच शून्य असायचा म्हणून खपून जात होतं आणि खऱ्या बायोसने त्यात दुसरंच काहीतरी ठेवलेलं. दोन ओळी वाढवल्या आणि झालं. खरं मशीन नसतं तर ही चूक मला आजही माहीत नसती.

मराठीचं तर अजून वेगळं. टेक्स्ट मोडच्या फॉन्टमध्ये २५६ अक्षरं बसतात, त्यात देवनागरी नाही, म्हणून ग्राफिक्स मोडमध्ये जाऊन ठिपक्यांनी अक्षरं काढायची. मुलीच्या आलेखाच्या वहीत १६ बाय १६ चौकटीत एकेक अक्षर रंगवलं. पहिला शब्द ‘नाशिक’ टाकला तर मुलीने वाचलं ‘नाशकि’. बरोबरच वाचलं तिने, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या पद्धतीत, आधी श आणि मग वेलांटी साठवतात, दाखवताना मात्र वेलांटी श च्या आधी काढावी लागते, आणि मी आलं तसं छापत गेलो. रोज मोबाईलवर मराठी टाइप करतो आपण, पण हे कोणीतरी बसून केलंय हे तेव्हा कळलं.

१९९१ साली लिनस टोरवाल्ड्सने हेलसिंकीत स्वतःच्या ३८६ प्रोसेसरच्या मशीनवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम लिहायला सुरुवात केली तेव्हा त्यानेही तो फक्त छंद आहे असंच लिहिलं होतं. हाताशी एक मशीन होतं म्हणून ते झालं. आमच्या गल्लीतली दोन डिप्लोमाची पोरं रविवारी माझ्याकडे येतात, तिघांत एकच जुनं मशीन आहे, एकाचा कोड चालू असला की बाकीचे दोघं बघत बसतात.

तर नाशिकमधल्या कॉलेजांना, शाळांना आणि सातपूर-अंबडच्या कंपन्यांना माझी हात जोडून विनंती आहे. डेटाची भीती असेल तर हार्डडिस्क काढून ठेवा, आम्हाला ती नकोच, आम्ही पेनड्राइव्हवरून बूट करतो. ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांत जुनी यंत्रं दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांनाही जागा दिलीय, मग चालू मशीन सरळ वजनावर का घालायचं? लॅब बदलायच्या आधी चांगल्यातली पाच-सहा बाजूला काढा, नोटीस बोर्डावर लावा, ज्या पोराला पाहिजे त्याला सही घेऊन द्या. वाटल्यास भंगाराचा भाव घ्या, आम्ही देऊ. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिलाय, कोणी कळवलं तर मी रविवारी स्वतः रिक्षा घेऊन येईन.

आपला,
एक वाचक, सिडको, नाशिक