धक्का देणारी मोटार आणि तोडलेली अर्थिंगची वायर

संपादक महोदय,

लाकूडकामाच्या यंत्राचा धक्का लागून कारागीर गेल्याची बातमी बहुधा धक्क्यापाशीच संपते. यंत्राच्या बॉडीत करंट आला कुठून, अर्थिंग होते का, आरसीसीबी (करंट बाहेर गळताच वीज तोडणारा स्विच) बसवलेला होता का, हे आपल्या बातमीदाराने विचारून छापावे, अशी विनंती आहे. मी मोटार रिवाइंडिंगचे, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तार भरण्याचे काम करतो. जळलेली मोटार उघडली की तिचे कारण हाताला लागते, म्हणून लिहितो.

रंधा किंवा कटरची मोटार बहुतेक वेळा भुशाने मरते. बारीक भुसा हवेच्या वाटा बुजवतो, त्यात बोथट पाते आणि लांबलचक बारीक वायर. वायरीत व्होल्टेज पडते, मोटार जास्त अँपिअर ओढते आणि तापते. वाइंडिंगचे, म्हणजे आतल्या तारेच्या वेढ्यांचे, वार्निश करपून ठिसूळ होते आणि एक दिवस तार स्टॅम्पिंगला, म्हणजे आतल्या लोखंडी पत्र्यांना टेकते. मोटार तरीही फिरत राहते, पण तिची बॉडी आता फेजवर, म्हणजे जिवंत असते. अर्थिंग असेल तर करंटला जमिनीकडे जायला वाट मिळते. नसेल तर ती वाट माणसाच्या अंगातून जाते.

थ्री पिनची जाड पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब असते ती याचसाठी. आत जाताना अर्थ आधी जोडला जातो आणि काढताना सर्वात शेवटी सुटतो. तीच पिन कापून टू पिनच्या बोर्डात घुसवलेली यंत्रे माझ्याकडे येतात. काही ठिकाणी सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांना तारेने जोडलेले असते. हे तर आणखी वाईट, कारण न्यूट्रल कुठे तुटला तर चांगल्या यंत्राचीही बॉडी जिवंत होते.

‘एमसीबी आहे ना’ हे उत्तर मला रोज ऐकू येते. एमसीबी म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच. समजा, तुमच्या अर्थिंगचा रोध 10 ओहम आहे. 230 व्होल्टला त्यातून जेमतेम 23 अँपिअर जातील. 16 अँपिअरचा एमसीबी एवढ्यावर लगेच पडत नाही, कित्येक मिनिटे तसाच राहू शकतो आणि तोवर यंत्राला हात लावणारा धोक्यात असतो. हात चिकटून बसायला 10 ते 20 मिलीअँपिअर पुरतात. एमसीबी तारा वाचवतो, माणसासाठी 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी लागतो. गेलेला करंट आणि परतलेला करंट यांत फरक दिसला की तो सेकंदाच्या काही अंशात तोडतो. मात्र त्याच्या जिवावर अर्थिंग टाळू नये. अर्थिंग असेल तर बिघाड होताच तो पडतो, नसेल तर कुणाचा तरी हात लागेपर्यंत थांबतो. त्यावरचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा तरी दाबून पाहावे.

चौकोनात चौकोन अशी खूण असलेल्या हातयंत्रांना दुहेरी इन्सुलेशन असते, त्यांना अर्थ लागत नाही. पण त्यांचीही वायर सोललेली आणि चिकटपट्टीने गुंडाळलेली असेल तर त्या खुणेचा उपयोग नाही.

स्टार्टरबद्दलही, म्हणजे मोटार चालू-बंद करणाऱ्या पेटीबद्दलही सांगतो. वीज गेली की तिच्यातली नो व्होल्ट कॉइल सुटते आणि वीज आल्यावर करवत आपोआप फिरत नाही. साध्या स्विचवर चालवलेली करवत मात्र वीज येताच फिरू लागते, मग हात कुठेही असो. मोटारीने जास्त करंट ओढला की तिला बंद करणारा ओव्हरलोड रिले सारखा पडतो म्हणून त्याची सेटिंग वाढवून घेणारेही पुष्कळ. रिले पडतो तेव्हा पाते, बेअरिंग आणि व्होल्टेज तपासायचे असते.

मोटार दुरुस्त करून नेताना 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणारे यंत्र) वाइंडिंग आणि बॉडी यांच्यात किती मेगओहम आले, ते बिलावर लिहून घ्यावे. 1 मेगओहमच्या खाली असेल तर मोटार घेऊ नये. नवीन भरलेल्या मोटारीचा आकडा याच्या खूप वर यायला हवा.

आपला,
एक मोटार रिवाइंडर