पॅकेट निघतं कुठून?

प्रिय संदीप,

तुझं पत्र मिळालं. मल्टिकास्ट, म्हणजे एकाच वेळी अनेक मशिनना डेटा पाठवणारा, तुझा तोच प्रोग्रॅम लिनक्सवर चालतो, विंडोजवर गप्प बसतो आणि मॅकवर ‘नो रूट टू होस्ट’ (तिथवर वाट नाही) म्हणतो, म्हणजे वैताग येणारच. पण कोड उसवायला घेण्याआधी पॅकेट (पाठवलेल्या डेटाचा तुकडा) कुठल्या इंटरफेसवरून, म्हणजे कुठल्या नेटवर्क कार्ड किंवा अडॅप्टरवरून, बाहेर पडतंय ते बघ.

मल्टिकास्टचा पत्ता कुठल्या एका मशिनचा नसतो. त्यामुळे तू सांगितलं नाहीस तर वाट सिस्टिमच निवडते. लिनक्स राउटिंग टेबल, म्हणजे कुठल्या पत्त्याला कुठून जायचं याची यादी, बघतं. २३९ ने सुरू होणाऱ्या मल्टिकास्ट पत्त्यांसाठी वेगळा रूट नसेल तर डिफॉल्ट रूट (बाकी सगळ्यांसाठीची वाट) धरतं, तोही नसेल तर एरर देतं. विंडोज कमी मेट्रिकचा (मेट्रिक म्हणजे वाटेचा पसंतीक्रमाचा आकडा, कमी तो आधी) इंटरफेस उचलतं. तिथे व्हीपीएनचं किंवा व्हर्च्युअल मशिनचं अडॅप्टर पुढे असलं की पॅकेट खुशाल तिकडे जातं आणि पाठवणारं सेंडटू फंक्शन मात्र सगळे बाइट गेल्याचं सांगतं. माझ्या मते तुझ्या विंडोजचं दुखणं हेच आहे. सॉकेटला (प्रोग्रॅमच्या नेटवर्क जोडणीला) आयपी_मल्टिकास्ट_आयएफ (IP_MULTICAST_IF) हा ऑप्शन लाव आणि हव्या त्या कार्डाचा आयपी त्यात दे. आयपीव्ही६ वापरणार असशील तर तिथे पत्ता नाही, इंटरफेसचा इंडेक्स लागतो.

मग त्याच कार्डावर वायरशार्क (पॅकेट पकडून दाखवणारा प्रोग्रॅम) लाव. तिथे दिसणाऱ्या फ्रेमचा डेस्टिनेशन मॅक पत्ता (हार्डवेअर पातळीवरचा पत्ता, मॅक कॉम्प्युटर नव्हे) ०१:००:५ई ने सुरू व्हायला हवा आणि सोर्स आयपी त्या कार्डाचाच हवा. तिथे काहीच दिसलं नाही तर व्हीपीएनच्या अडॅप्टरवर बघ.

टीटीएल (पॅकेट किती टप्पे जाईल तो आकडा) मुळात १ असतो, म्हणून राउटरपलीकडे जायचं असेल तर तो वाढव. पाठवण्यासाठी ग्रुप (त्या मल्टिकास्ट पत्त्यावर ऐकणारी मशिनं) जॉइन करावा लागत नाही, ती ओळ काढलीस तरी चालेल. रिसीव्हरमध्ये मात्र सॉकेट थेट ग्रुपच्या पत्त्यावर बाइंड करू नकोस, म्हणजे त्या पत्त्याला बांधू नकोस. लिनक्सला ते चालतं, विंडोज १००४९ एरर देतं. लूपबॅकचा (पाठवलेलं आपल्याच मशिनवर परत मिळण्याचा) ऑप्शनही उलटा आहे: लिनक्स आणि मॅकवर तो पाठवणाऱ्या सॉकेटवर लागतो, विंडोजवर घेणाऱ्या.

मॅकचं कारण वेगळं असू शकतं. २०२४ च्या मॅकओएस १५ पासून अ‍ॅपला लोकल नेटवर्कची परवानगी लागते. ती नसेल तर नेमकी तुला येते तीच एरर येते. टर्मिनलमधून चालवलेल्या कमांडला ही अट नाही. तेव्हा तिथून चालवून बघ. चाललं तर सेटिंगमध्ये प्रायव्हसीखाली परवानगी दे.

वायरशार्कमध्ये काय दिसलं ते कळव, सोबत विंडोजवरच्या ‘रूट प्रिंट’ कमांडचं आउटपुटही पाठव. मेट्रिकचा आकडा मला बघायचाय.

तुझा,
अनिकेत