‘ताई’ म्हटलं की ओढ पुसली जाते

महोदय,

रविवार पुरवणीतला जपानी ‘युरी’ कथांवरचा लेख वाचला. शाळकरी मुलींना एकमेकींविषयी वाटणाऱ्या प्रेमावर मराठीत कुणी इतक्या आस्थेने लिहिलं, याचा आनंद झाला. पण त्यात ‘ओनेसामा’चं ‘ताई’ झालं आहे आणि ‘अकोगारे’चं ‘आदर’. मी बरीच वर्षं पुण्यात जपानी शिकवते, आणि या दोन शब्दांबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही.

‘ओनेसामा’ म्हणजे थोरली बहीण, हे कोशात बरोबरच आहे. पण आपल्याकडे एखादीला ‘ताई’ किंवा एखाद्याला ‘दादा’ म्हटलं की प्रेमाचा विषय तिथेच संपतो. नको असलेला माणूस दूर ठेवायला आपण हेच शब्द वापरतो. जपानी मुलींच्या शाळेत मात्र उलट घडलं. मुलींच्या शाळांविषयीच्या 1899 च्या सरकारी हुकुमानंतर तिथे प्रांतोप्रांती मुलींची हायस्कुलं निघाली. शाळा सुटली की पुढे लग्न, हे बहुतेकींचं ठरलेलं. मधल्या त्या चार-पाच वर्षांत धाकटीने वरच्या वर्गातल्या मुलीला पत्र लिहायचं, फुलं द्यायची आणि ‘ओनेसामा’ म्हणायचं. ‘सिस्टर’च्या आद्याक्षरावरून या नात्याला ‘एस’ म्हणत. तिथे तो शब्द दार उघडणारा होता.

‘अकोगारे’चं तर मला फारच वाईट वाटलं. या शब्दाचं जुनं रूप ‘अकुगारु’, म्हणजे जागा सोडून भटकणं, जीव देहातून निघून जाणं. हजार वर्षांपूर्वीच्या कवयित्री इझुमी शिकिबु यांना ओढ्याकाठचा काजवा आपल्याच देहातून निघालेल्या जिवासारखा दिसला, तो याच शब्दाने. आपण ‘जीव थाऱ्यावर नाही’ म्हणतो ना, अगदी तेच. वर्गात हे सांगितलं की मुली लिहिता लिहिता थांबतात. ‘आदर’ शब्दात यातलं काय उरतं? ‘ओढ’ म्हणा, ‘हुरहूर’ म्हणा.

‘शाळेच्या वयातलं निरागस सख्य’ हे लेखातलं वाक्यही पटलं नाही. पुढे विसरायचंच असतं, या अटीवर समाजाने ते चालवून घेतलं होतं. ही अट जपानी लेखिका नोबुको योशिया यांनी मानली नाही. 1916 मध्ये, विशीत, त्यांनी ‘हाना मोनोगातारी’ ही कथामालिका सुरू केली. 52 कथा, प्रत्येकीला फुलाचं नाव. त्यातल्या बऱ्याच कथा ताटातुटीवर संपतात. पण 1920 च्या ‘यानेउरा नो निशोजो’ या त्यांच्या कादंबरीमध्ये वसतिगृहाच्या माळ्यावरच्या खोलीतल्या दोघी शेवटी एकत्र राहायचं ठरवतात. 1923 मध्ये योशियांना गणिताच्या शिक्षिका चियो मोन्मा भेटल्या आणि 1973 मध्ये योशिया वारल्या तोवर दोघींची साथ सुटली नाही. दोन बायकांना लग्न करता येत नव्हतं, म्हणून 1957 मध्ये योशियांनी मोन्मांना कायद्याने दत्तक घेतलं. घर आणि वारसा आपल्या माणसाकडे राहावा, म्हणून जोडीदारीण कागदावर मुलगी झाली. हे वयाचं वेड नव्हे, हो.

1998 पासूनच्या ‘मारिया-सामा गा मितेरु’ या मुलींच्या शाळेवरच्या कादंबरीमालेमध्ये एक छोटा प्रसंग आहे. सकाळी शाळेच्या आवारात वरच्या वर्गातली साचिको थांबते आणि युमीचा वाकडा झालेला टाय नीट करते. एवढंच. पण तेवढ्याने युमीचा सगळा दिवस हलतो. तिथे ‘ताई’ लिहून पाहा, थोरल्या बहिणीने धाकटीला शाळेसाठी तयार केल्यासारखं होतं. आणि 2019 मध्ये संपलेल्या ‘यागाते किमि नि नारु’ या मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथेच्या, शेवटच्या प्रकरणात दोघी नायिका कॉलेजात गेलेल्या दिसतात, एकत्रच. योशियांनी माळ्यावर मांडलेली गोष्ट इतक्या वर्षांनी शाळेच्या फाटकाबाहेर पडलेली पाहून मला भरून आलं होतं.

लेखमालेचे पुढचे भाग येणार आहेत असं दिसतं. त्यात ‘ओनेसामा’ तसाच ठेवावा, एकदा अर्थ सांगितला की पुरे. वाचकांनी ‘सेन्सेई’ पचवला, हाही पचवतील.

– एक जपानी भाषा शिक्षिका, पुणे